कांद्याच्या भावावरचा पेपर दोनदा परत आला, आता कुठे पाठवू?

चांदवडची_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

मी अर्थशास्त्रात पीएचडी करतेय, चौथं वर्ष संपत आलंय. विषय कांदा. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ना, ८ तारखेपासून, तेव्हा मी घरीच होते, चांदवडला हायवे अडवला होता, लिलाव बंद होते, आणि बाबा सारखे फोनवर भाव विचारत होते. तेव्हाच डोक्यात बसलं की लिलावात भाव पडायला एक दिवस पुरतो, मग मुंबई-पुण्याच्या भाजीवाल्याकडे तोच भाव पडायला किती दिवस लागतात, आणि मे २०२४ ला बंदी उठली तेव्हा उलट्या दिशेने तेवढेच दिवस लागले का. अ‍ॅगमार्कनेटवरचे बाजार समित्यांचे रोजचे भाव घेतले, ग्राहक व्यवहार खात्याचे किरकोळ भाव घेतले, आठ महिने नुसती साफसफाई केली, कारण कुठे दिवस गायब, कुठे क्विंटल आणि किलोचा घोळ. मग पेपर लिहिला.

पहिल्यांदा परदेशातल्या एका मोठ्या जर्नलला पाठवला. ११ दिवसांत परत. चार ओळींचं पत्र, की "आमच्या वाचकवर्गासाठी पुरेसा व्यापक रस नाही". रेफ्रीकडे, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, गेलाच नाही. दुसऱ्यांदा एका फील्ड जर्नलला, म्हणजे एकाच उपविषयाला वाहिलेल्या जर्नलला, पाठवला, तिथे सात महिने गेले आणि दोन रिपोर्ट आले, एक खूप छान, मुद्देसूद, तीन पानं, आणि दुसरा फक्त एक परिच्छेद, त्यात लिहिलंय की हा एका पिकाचा, एका जिल्ह्याचा प्रश्न आहे, अर्थशास्त्राचा नाही. रिजेक्ट.

मला रडू आलं हे खरंय. पण आता मला नीट समजून घ्यायचंय की हे सगळं चालतं कसं. ११ दिवसांत परत म्हणजे कोणी वाचलाच नाही का? शंभर पेपरांतले किती छापतात खरंच? सायटेशनचा, म्हणजे आपल्या पेपरचा दाखला किती जणांनी दिला याचा, एवढा बाऊ का करतात? आणि आमचे गाईड म्हणतात की थीसिस जमा करायचाय, उगाच वर्ष घालवू नकोस, पैसे भरून महिन्याभरात छापणारी जर्नल्स आहेत तिथे देऊन टाक. मन तयार होत नाहीये. ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज सांगा.

---

सातारकर_परदेशी

ताई, आधी एक सांगतो, ११ दिवसांत आलेला डेस्क रिजेक्ट हा तुला मिळालेला त्यातल्या त्यात बरा नकार आहे. मी युरोपात एका विद्यापीठात शिकवतो, सहा-सात वर्षं रेफ्री म्हणून पेपर वाचतोय, आणि स्वतःचे पेपर परत येण्याचा अनुभव त्याहून जास्त आहे. वाईट नकार म्हणजे चौदा महिने थांबवून चार ओळी पाठवणारा.

आकडे समजून घे, मग मन जरा शांत होईल. आपल्या विषयात ज्यांना टॉप फाइव्ह म्हणतात ती पाच जर्नल्स, म्हणजे अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू, क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स, जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी, इकॉनोमेट्रिका आणि रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीज. डेव्हिड कार्ड आणि स्टेफानो डेलाविन्या या दोघांनी २०१३ मध्ये या पाचांचा चार दशकांचा हिशोब मांडला होता. १९९० ते २०१२ मध्ये येणारे पेपर जवळपास दुप्पट झाले. आणि छापले जाणारे? ते उलट कमी झाले, सत्तरच्या दशकाच्या शेवटी पाचही मिळून वर्षाला साधारण ४०० लेख छापायचे ते ३०० च्या आसपास आले. मग स्वीकाराचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर येणारच, यात कोणाचा पेपर चांगला की वाईट याचा संबंध नंतर येतो, आधी दाराची रुंदीच तेवढी आहे. तू लासलगावच्या बाजार समितीच्या गेटवर ट्रॅक्टरांची रांग बघितली असशील, आवक दुप्पट आणि लिलावाचे ओटे कमी झाले तर मागच्या ट्रॅक्टरमधला कांदा खराब आहे असं कोणी म्हणत नाही.

लेख कमी का झाले तर एकेक लेख लांब झाला. सत्तरच्या दशकाच्या मानाने आताचा पेपर जवळपास तिप्पट लांब आहे. लेखकही वाढले, १९७० ला एका पेपरमागे सरासरी १.३ लेखक होते ते २०१२ ला २.३ झाले. तू एकटीने लिहिलायस ना? म्हणजे डेटा साफ करणं, मॉडेल, रोबस्टनेस (निष्कर्ष टिकतो का याच्या तपासण्या), इंग्रजी, सगळं एका माणसाने, आणि तुझी स्पर्धा तीन-तीन जणांच्या टीमशी आणि त्यांच्या रिसर्च असिस्टंटशी आहे. हे तक्रार म्हणून नाही सांगत, पुढच्या पेपरला सोबती शोध एवढंच.

आता ११ दिवसांचं. डेस्क रिजेक्ट म्हणजे एडिटरने स्वतः पाहून, बहुतेक वेळा अ‍ॅबस्ट्रॅक्ट, इंट्रोडक्शन आणि मुख्य टेबल पाहून परत केला. कार्ड-डेलाविन्याच्याच नंतरच्या कामात चार जर्नल्सचे जवळपास ३० हजार सबमिशन बघितले होते, त्यातले निम्म्याच्या आसपास रेफ्रीपर्यंत गेलेच नाहीत. तेव्हा तू त्या निम्म्यातली एक. त्यामुळे इंट्रोडक्शनची पहिली दीड पानं म्हणजेच तुझा पेपर असं समजून ती लिही, बाकीची चाळीस पानं नंतर.

एक विचारतो, तुझ्या इंट्रोडक्शनचं पहिलं वाक्य काय आहे?

---

चांदवडची_लेक

दादा खूप धन्यवाद, गेटवरच्या रांगेचं एकदम पटलं. पहिलं वाक्य असं आहे (मराठीत सांगते): "कांदा हे महाराष्ट्रातील, विशेषतः नाशिक जिल्ह्यातील, एक महत्त्वाचे नगदी पीक आहे." 🙈

---

सातारकर_परदेशी

बघ, म्हणजे तो एक परिच्छेद लिहिणारा रेफ्री तुझंच वाक्य तुला परत सांगतोय. तूच पहिल्या ओळीत त्याला सांगितलंस की हा एका पिकाचा, एका जिल्ह्याचा प्रश्न आहे. त्याने आळस केला हे खरंच, एका परिच्छेदात कोणाचं दोन वर्षांचं काम परत करू नये. पण दार तू उघडं ठेवलंस.

तुझा खरा प्रश्न काय आहे? सरकार एका दिवसात निर्यात बंद करतं, शेतकऱ्याचा भाव लगेच पडतो, ग्राहकाचा भाव हळू पडतो, मग मधला फरक कोणाकडे गेला आणि किती दिवस. हा प्रश्न घानाच्या कोकोला लागू आहे, इंडोनेशियाच्या पामतेलाला लागू आहे, इंडोनेशियाने २०२२ मध्ये पामतेलाची निर्यात थांबवलीच होती. आपल्याकडे त्याच २०२२ मध्ये गहू थांबवला, २०२३ ला तांदूळ. तुझ्याकडे मात्र रोजचे भाव आहेत, बंदी लागण्याची तारीख आहे आणि उठण्याची तारीखही आहे, दोन्ही बाजूंनी धक्का. असा डेटा फार थोड्यांकडे असतो. हे पहिल्या परिच्छेदात आण, चांदवड दुसऱ्या परिच्छेदात येऊ दे.

---

तासिका_तत्त्व

मी मराठवाड्यात एका कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतो, नेट आहे, पीएचडी झालीय, कायम जागा निघत नाही तोपर्यंत हेच. ताई तुमच्या गाईड सरांच्या सल्ल्याबद्दल मला लिहायचंय कारण त्याच रस्त्याने मी गेलोय.

मी २०१६-१७ मध्ये चार पेपर असेच पैसे भरून छापले. मेल यायचा, "आदरणीय प्राध्यापक", तीन दिवसांत स्वीकृती, रेफ्रीचा एक शब्द नाही, फी भरा, सर्टिफिकेट घ्या. तेव्हा यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मंजूर जर्नल्सची यादी होती आणि ते जर्नल यादीत होतं म्हणून कोणी काही बोललं नाही, एपीआयचे, म्हणजे नेमणूक-बढतीला धरतात ते, गुण मिळाले. मग मे २०१८ मध्ये यूजीसीने यादीतून एका फटक्यात ४,३०५ जर्नल्स काढून टाकली. माझी चारातली तीन गेली. नंतर २०१९ मध्ये यूजीसीचीच नवी केअर यादी आली, तिचं काम आपल्या पुण्याच्या विद्यापीठातूनच व्हायचं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून टाकली, आता म्हणतात संस्थांनी आपापले निकष ठरवावेत. म्हणजे दहा वर्षांत तीनदा फूटपट्टी बदलली. ज्याने फूटपट्टी बघून लिहिलं त्याचं काहीच राहिलं नाही. माझ्या त्या चार पेपरांना आजपर्यंत एकही सायटेशन नाही, मी स्वतःसुद्धा कुठे दिलेलं नाही, कारण द्यायला लाज वाटते. त्यातल्या एकात माझं खरंच चांगलं काम होतं, तीन तालुक्यांतल्या बचत गटांचं सर्वेक्षण, साडेतीनशे घरं मी पायी फिरलो होतो. ते आता दुसरीकडे देता येत नाही, एकदा छापलं ते छापलं.

म्हणून हात जोडून सांगतो तुमचा आठ महिन्यांचा साफ केलेला डेटा असा घालवू नका. आणि आणखी एक, नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसीच्या नियमांत पीएचडीसाठी पेपर छापलेलाच असावा ही सक्ती काढलीय. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते पीएचडी सेलमध्ये जाऊन लेखी विचारा, तोंडी नको. कित्येक ठिकाणी नियम बदललाय आणि गाईडना माहीतच नसतं, त्यांचाही दोष नाही, परिपत्रकं कुठे कुठे अडकून असतात.

---

निवृत्त_अर्थशास्त्र

बाळ, मी पस्तीस वर्षं शिकवलं, आता घरी असते, नातवंडं शाळेत गेली की इथे येऊन वाचते. "हा अर्थशास्त्राचा प्रश्न नाही" हे वाक्य वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

जॉर्ज अकरलॉफचं नाव तुला माहीत आहेच, २००१ चं नोबेल. त्यांचा तो जुन्या मोटारींच्या बाजारावरचा पेपर, विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे चांगल्या गाड्या बाजारातूनच निघून जातात. आम्ही एम.ए.ला वर्षानुवर्षं शिकवला. तो पेपर त्यांनी १९६७ च्या जूनमध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूला पाठवला आणि ते वर्षभरासाठी आपल्याकडे आले, दिल्लीला, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. नकाराचं पत्र त्यांना इथे भारतात मिळालं. एडिटरने कळवलं होतं की इतक्या क्षुल्लक विषयावरचे लेख आम्ही छापत नाही. मग रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीजने परत केला, तिथेही कारण क्षुल्लक म्हणूनच. तिसऱ्या ठिकाणी, जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीमध्ये, रेफ्रींचं म्हणणं उलटं निघालं, की हे खरं असेल तर अर्थशास्त्रच वेगळं असायला हवं! चौथ्या ठिकाणी, क्वार्टर्ली जर्नलमध्ये, १९७० ला छापून आला. त्यात आपल्याकडच्या सावकारीचा, खेड्यातल्या व्याजदराचा मुद्दाही आहे, तो भाग मी वर्गात नेहमी मुद्दाम वाचून दाखवायचे कारण पोरं तिथे जागी व्हायची, प्रत्येकाच्या घरात सावकाराची एक तरी गोष्ट असायची.

प्रत्येक परत आलेला पेपर असा थोर असतो असं मी म्हणत नाही, माझे स्वतःचे परत आलेले बहुतेक पेपर परत यायलाच हवे होते. पण जुनी मोटार क्षुल्लक आणि कांदा क्षुल्लक, हे ठरवणाऱ्याला बाजारात उभं राहून काय दिसतं ते दिसलेलं नसतं, तुला दिसलंय. तेवढं त्यांना दिसेल असं लिही, सातारकर म्हणतात ते अगदी बरोबर आहे.

आणि आपल्या घरची नियतकालिकं विसरू नकोस. मुंबईहून इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल इकॉनॉमिक्सचं जर्नल निघतं, १९४६ पासून, शेतमालाच्या भावावर काम करणाऱ्याला तिथला प्रत्येक अंक चाळायलाच हवा. गोखले इन्स्टिट्यूटचं अर्थविज्ञान १९५९ पासून आहे. ईपीडब्ल्यू, म्हणजे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, आहेच. ईपीडब्ल्यूतला लेख दिल्लीत मंत्रालयात वाचला जातो, परदेशातल्या जर्नलमधला वाचला जाईलच असं नाही. तुझ्या विषयाला वाचक कोण हवाय ते आधी ठरव.

---

डेटावाला

सातारकर सरांच्या पहिल्या पोस्टशी मी बऱ्यापैकी सहमत आहे पण एका गोष्टीवर नाही. नुसतं दाराची रुंदी म्हणून सोडून देता येणार नाही, दारात कोण उभं आहे याचाही फरक पडतो आणि हे मोजलेलं आहे.

२०२२ मध्ये एक प्रयोग छापून आला होता. एकच पेपर, फायनान्समधला, दोन लेखक, एक व्हर्नन स्मिथ म्हणजे नोबेलवाले आणि दुसरा त्यांच्यासोबत काम करणारा, त्यामानाने अनोळखी संशोधक. रेफ्रींना तो पेपर वेगवेगळ्या प्रकारे दाखवला, कोणाला फक्त अनोळखी नाव, कोणाला नावच नाही, कोणाला फक्त स्मिथ. पाचशेच्या वर रेफ्रींचे रिपोर्ट आले. अनोळखी नाव दिसलं तेव्हा ६५ टक्के रेफ्रींनी रिजेक्ट म्हटलं, नाव नव्हतं तेव्हा ४८ टक्के, आणि स्मिथ दिसले तेव्हा २३ टक्के. पेपर तोच, एक अक्षर बदललेलं नाही!! हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो.

मग नाव झाका म्हणाल तर अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूने ते करून पाहिलंय. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांच्याकडे रीतसर प्रयोग झाला होता, अर्धे पेपर नाव झाकून आणि अर्धे नाव दाखवून, रिबेका ब्लँक यांनी त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये लिहिले. नाव झाकल्यावर स्वीकाराचं प्रमाण खाली आलं आणि रेफ्री जास्त कडक झाले. पुढे २०११ मध्ये त्यांनी नाव झाकणं बंदच केलं, कारण पेपरचं शीर्षक गुगलवर टाकलं की वर्किंग पेपर (छापायच्या आधी इंटरनेटवर टाकलेला मसुदा) लगेच सापडतो, झाकून उपयोग काय.

आणि बायकांच्या पेपरांचं तर वेगळंच आहे. ते ३० हजार सबमिशनवालं काम सरांनी सांगितलं, त्याच डेटावर कार्ड, डेलाविन्या आणि आणखी दोघी, फंक आणि इरिबेरी, यांनी बघितलं की रेफ्रीने सारखंच मत दिलेल्या पेपरांपैकी बायकांनी लिहिलेल्यांना नंतर साधारण २५ टक्के जास्त सायटेशन मिळतात. म्हणजे तेवढंच मत मिळवायला पेपर जास्त चांगला असावा लागतो. पुरुष रेफ्री असो वा बाई, दोघंही असंच करतात. एरिन हेंगेल यांनी इकॉनोमेट्रिकाचे रिव्ह्यूचे काळ मोजले तर बायकांचे पेपर काही महिने जास्त अडकून राहतात, सहा महिन्यांपर्यंत. ताई तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. पण सात महिन्यांनी तो एक परिच्छेद आला तेव्हा तुम्ही स्वतःलाच दोष देत बसला असाल तर तो सगळा तुमचा नव्हता.

---

सातारकर_परदेशी

@डेटावाला मान्य. मी गणितापासून सुरुवात केली कारण तिला रात्री झोप यावी, पण तू म्हणतोस ते झाकून ठेवण्यासारखं नाही. आणि म्हणूनच वर्किंग पेपरबद्दल मला नेमकी उलटी गोष्ट सुचते. नाव झाकलं जाणारच नसेल तर ते आधीच ओळखीचं करून ठेवायचं. तिने पेपर एसएसआरएनवर (असे पेपर ठेवायची वेबसाइट) किंवा दुसऱ्या एखाद्या वर्किंग पेपर मालिकेत टाकावा, तारीख लागते, कल्पना तिची हे कागदावर येतं, आणि सायटेशन तिथूनच सुरू होतात, गुगल स्कॉलर वर्किंग पेपरही मोजतं. आपल्या विषयात छापून येईपर्यंत इतका वेळ जातो की अनेक पेपर छापायच्या आधीच सगळ्यांनी वाचलेले असतात.

वेळेचं आलंच आहे तर. ग्लेन एलिसन यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की १९७० च्या सुमाराला मोठ्या जर्नलमध्ये पाठवल्यापासून स्वीकृतीपर्यंत सहा ते नऊ महिने लागायचे, नव्वदच्या शेवटाला दोन वर्षांच्या आसपास. कारण काय, तर रेफ्री हळू झाले हे फार थोडं कारण निघालं, मुख्य म्हणजे दुरुस्त्या वाढल्या. आधी पेपर जसा आला तसा बराचसा जायचा, आता आर अँड आर, म्हणजे दुरुस्त करून परत पाठवा, मग पुन्हा, मग पुन्हा. एलिसनची एक कल्पना मला फार आवडते. प्रत्येक पेपरात दोन गोष्टी असतात, एक मूळ कल्पना आणि दुसरी तिच्याभोवतीची मशागत, तपासण्या, पुरवण्या, लांबलचक चर्चा. आपण लेखक म्हणून जो त्रास सोसतो तोच नियम आहे असं समजून रेफ्री झालो की पुढच्याला तेवढाच, किंचित जास्तच, त्रास देतो. वर्षानुवर्षं असं थोडं थोडं वाढत जाऊन मशागतीलाच किंमत येते, कल्पनेला कमी. मी स्वतः रिपोर्ट लिहायला बसतो तेव्हा हे आठवतं आणि तीन मागण्या खोडून टाकतो.

रेफ्रीला वेगात आणता येतं का, हेही तपासून झालंय. जर्नल ऑफ पब्लिक इकॉनॉमिक्समध्ये राज चेट्टी आणि मंडळींनी १,५०० रेफ्रींवर प्रयोग केला. मुदत सहा आठवड्यांऐवजी चार केली, एवढ्यानेच रिपोर्ट यायला लागणारा काळ (मीडियन) ४८ दिवसांवरून ३६ वर आला. शंभर डॉलर देऊ केले तर आणखी आठेक दिवस वाचले. आणि रिपोर्टचा दर्जा फारसा बिघडला नाही. मुदत कमी करायला तर पैसासुद्धा लागत नाही, तरी कित्येक जर्नल्स ते करत नाहीत, याचा मला मनापासून राग आहे, कारण सात महिने थांबणाऱ्यांत फेलोशिप संपत आलेली पोरं असतात.

---

तासिका_तत्त्व

सर एक शंका. सायटेशन आणि इम्पॅक्ट फॅक्टर यावर आमच्या स्टाफरूममध्ये रोज वाद होतो, इम्पॅक्ट फॅक्टर ५ च्या वर म्हणून एका जर्नलचा मेल आलाय, ते खरं कसं ओळखायचं?

---

डेटावाला

इम्पॅक्ट फॅक्टरचं गणित सोपं आहे. समजा २०२४ चा काढायचा, तर २०२२ आणि २०२३ मध्ये त्या जर्नलने जे लेख छापले त्यांना २०२४ मध्ये किती सायटेशन मिळाली, भागिले त्या दोन वर्षांतले लेख. बस. आता विचार करा, अर्थशास्त्रात माझा पेपर वाचून कोणी पेपर लिहिला, पाठवला, दुरुस्त केला आणि छापला यातच दोन-तीन वर्षं जातात, म्हणजे त्याचं सायटेशन त्या दोन वर्षांच्या खिडकीत बसतच नाही. वैद्यकशास्त्राला ही खिडकी ठीक, आपल्याला पाच वर्षांची बघावी. आणि सरासरी असल्यामुळे चार-पाच पेपरांना ढीगभर आणि बाकीच्यांना किरकोळ असलं तरी आकडा मोठा दिसतो.

मेलमधला इम्पॅक्ट फॅक्टर कोणी दिलाय ते बघा. खरा आकडा क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असतो, बाकी मिळतीजुळती नावं घेऊन पैसे घेऊन आकडे विकणारी दुकानं खूप आहेत. त्या जर्नलच्या मागच्या अंकातले पाच पेपर उघडून वाचा, एडिटर म्हणून ज्यांची नावं आहेत त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर ते जर्नल लिहिलंय का बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

---

चांदवडची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, तीन दिवस हे परत परत वाचतेय. मॅडम, तुमची अकरलॉफची गोष्ट बाबांना सांगितली, त्यांना एवढंच कळलं की जुन्या ट्रॅक्टरचा व्यवहार आहे, आणि म्हणाले हे तर खरंच आहे, यात नाकारण्यासारखं काय होतं.

तासिका सर, तुमचं बचत गटांचं वाचून वाईट वाटलं. त्याच साडेतीनशे घरांकडे परत जाता आलं, आता दहा वर्षांनी, तर तो नवा पेपर होईल ना? जुना डेटा तुमच्याकडे आहेच. असा परत जाऊन घेतलेला डेटा फार कमी असतो असं आमच्या कोर्सवर्कला शिकवलं होतं. मी यायला तयार आहे मे महिन्यात, खरंच.

आज पीएचडी सेलला जाऊन आले. आमच्याकडेही छापील पेपरची सक्ती निघालीय, परिपत्रक मिळालं, झेरॉक्स सरांना दिली, सर पाच मिनिटं वाचत बसले आणि म्हणाले ठीक आहे, मग नीट कर. त्यामुळे पैसे भरण्याचा विषय संपला.

इंट्रोडक्शन परत लिहिलं. आता पहिलं वाक्य असं आहे: "सरकार जेव्हा एका रात्रीत निर्यात थांबवते, तेव्हा शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि ग्राहक देतो तो भाव एकाच वेगाने खाली येत नाहीत." चांदवड तिसऱ्या परिच्छेदात गेलं 🙂 त्या छान रेफ्रीने सांगितलेल्या सहापैकी पाच गोष्टी झाल्या. सहावी म्हणजे इतर बाजार समित्या, पिंपळगाव, सोलापूर, चाकण, त्यांचे भाव जोडायचेत, त्याला अजून दोन महिने लागतील.

एक विचारायचं राहिलं. तिसऱ्या जर्नलला पाठवताना कव्हर लेटरमध्ये आधीच्या नकाराबद्दल लिहायचं का? आणि तोच एक परिच्छेदवाला रेफ्री परत आला तर?

---

सातारकर_परदेशी

पहिलं वाक्य उत्तम झालंय. आता हलवू नकोस.

नकाराबद्दल जर्नल विचारत नसेल तर लिहायचं नाही, विचारत असेल तर खरं लिहायचं. काही ठिकाणी आधीचे रिपोर्ट आणि त्यावर तू काय केलंस ते जोडायची मुभा असते, तुझ्याकडे तो तीन पानी रिपोर्ट आहे, तिथे तो जोडला तर फायदाच. एकाच वेळी दोन जर्नलला मात्र कधीच पाठवू नकोस, आपल्या विषयात ते चालत नाही आणि कळतंच.

तोच रेफ्री परत येणं नेहमीचं आहे, कांद्याच्या भावावर काम करणारी माणसं जगात असतील किती. माझ्याकडे एकच पेपर दोन वेगवेगळ्या जर्नल्सकडून आलाय, एकदा नाही, तीन-चारदा. मी एडिटरला आधी कळवतो की हा मी वाचलेला आहे. आणि मग बघतो की मागच्या वेळी सांगितलेलं काही केलंय का. केलेलं असेल तर माझं मत बदलतं, काहीच न बदलता आलेला असेल तर जुनाच रिपोर्ट परत जातो. त्यामुळे त्या एका परिच्छेदातलंही जे घेण्यासारखं होतं ते तू घेतलंस, हे बरं झालं.

सोलापूर नक्की घे, तिथे आवक वेगळ्या महिन्यात वाढते, लाल कांद्याची. दोन महिने लागू देत.

---

निवृत्त_अर्थशास्त्र

आणि सोलापूरचे भाव जोडताना जुन्या नोंदी लागल्या तर सांग. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील तिथल्या मार्केट यार्डात अडत्याचं काम करायचे, त्यांच्या वह्या घरात आहेत असं तो म्हणाला होता. मी त्याला विचारून ठेवते.